द्विमानात ‘दशांश चिन्ह’ म्हणायचं का?

ओळीओळीने: गणितातल्या स्थिरांकांच्या अंकांची सारणी मराठीत आणतेय. अंक सलग लिहायचे, चिन्ह गाळायचं आणि चिन्हाआधी किती अंक आहेत ते शेजारी नोंदवायचं, असा तिथला रिवाज. पाय (π) दशमानात ३.१४१५९..., म्हणून १. द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ११.००१००१००००११११११..., म्हणून २. मी लिहिलं, ‘दशांश चिन्हाआधीचे अंक’. तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली: पाया दोनाचा, तर दशांश आला कुठून?

मूळधातू: रेघ योग्यच आहे. दशांश म्हणजे दहावा अंश. द्विमानात चिन्हानंतरचं पहिलं घर अर्ध्याचं, दुसरं पावाचं. ‘अर्धांश चिन्ह’ म्हणा.

चालतंबोलतं: मग सोळाच्या पायात ‘षोडशांश चिन्ह’ का? तेल तिळाचं म्हणून तेल, तरी आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतोच ना! शब्द रुळला की व्युत्पत्तीला विचारत बसू नये.

मूळधातू: तेलाने कुणाची फसगत होत नाही, इथे होते. ‘दशांश’ वाचलं की डोकं दहाच्या पटीत चालायला लागतं.

फळापुसणी: हे मात्र अनुभवाचं. वर्गात ११.००१ मी मोठ्याने ‘अकरा पूर्णांक’ असं वाचलं. बाईंनी थांबवलं, “अकरा नाही, ते तीन आहेत. एक-एक असं सुटं वाच.” तेव्हापासून दहा सोडून कुठल्याही पायात मी अंक सुटेच वाचते. चिन्हाला ‘अपूर्णांक चिन्ह’ म्हटलं तर? कुठल्याही पायात चालेल.

चालतंबोलतं: चालेल. पण ‘द्विमान विस्तार’ लिहू नका. घाईत ‘द्विपद विस्तार’ वाचलं जातं आणि तो विषयच वेगळा. ‘मांडणी’ बरा.

मूळधातू: मांडणी ही भांड्यांची. विस्तारात न संपण्याचा भाव आहे, तो सोडू नये.

शेवटचाअंक: शेवटचा अंक कसा ठेवताय? ३.१४१६ हे पूर्णांकन झालं. सारणीत ३, १, ४, १, ५ असंच हवं. तिथे अंक छाटायचे, जवळचा घ्यायचा नाही. एक अंक चुकला तर पुढचं सगळं संशयात येतं. शँक्स या गणितज्ञाने १८७३ मध्ये पायची ७०७ दशांश स्थळं दिली. ५२८ व्या स्थळापासून ती चुकली होती, हे १९४० च्या दशकात फर्ग्युसनने दाखवलं.

ओळीओळीने: छाटलेलेच आहेत. ‘अपूर्णांक चिन्ह’ आवडलं, पण अडचण उरलीच. १/(४π) म्हणजे ०.०७९५७७... इथे सुरुवातीची शून्यं सोडून ७ पासून लिहायचं आणि शेजारी −१ नोंदवायचं. ‘चिन्हाआधीचे अंक: उणे एक’ हे मराठीत वाचवेना. त्या आकड्यालाच नाव हवंय.

मूळधातू: त्याआधी ‘पाया’ की ‘आधार’ ते ठरवा. मला ‘आधार’ पटत नाही.

चालतंबोलतं: घातांकाला पायाच असतो. त्यात ठरवायचं काय?