डिलिव्हरीच्या बॅगेत पावडरचा डबा न्यायचा की नाही?

सिंहगडरोडवाली
बहिणीचा नववा संपत आलाय. हॉस्पिटलने बॅगेची छापील यादी दिलीय, त्यात झबली, टोपरी, दुपटी, आईचे गाऊन हे सगळं ठीक, पण शेवटच्या दोन ओळींत बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा, तोही ब्रँडच्या नावासकट, आणि दोन बाटल्या. मी तिला म्हटलं डबा घेऊ नकोस. घरात त्यावरून महाभारत चालू आहे म्हणून इथे टाकतेय.

माझं म्हणणं असं की डबा खोलीत असला की तो उघडला जातोच. दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडतं, सारखं अंगावर मागतं, हे खूप बाळांचं होतं, पण तेव्हा बाळंतीण अर्धवट झोपेत, टाके दुखतायत, आणि आई-सासू-मावशी एका सुरात "पुरत नाहीये गं त्याला, दे थोडं वरचं". वरचं दिलं की बाळ मस्त ताणून देतं, सगळे खूश, पण तेवढा वेळ ते ओढत नाही म्हणून दूध उतरायला अजून उशीर, मग परत वरचं. अरे पण पहिल्या दिवशी बाळाला लागतं किती? एका वेळेला २ ते १० मिलि चीक (आईचं पहिलं घट्ट दूध), म्हणजे अर्धा ते दोन चमचे. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस जातात, सिझर असेल तर कधी थोडे जास्त. यादीत लिहायचंच तर "पहिल्या तासात बाळ अंगावर लावायला कोण मदत करणार" ते लिहा ना. शिवाय १९९२ पासून कायदा आहे आपल्याकडे, पावडर-बाटलीची जाहिरात करायची नाही, आयांना फुकट सॅम्पल वाटायची नाहीत, दवाखान्यांमार्फत प्रचार करायचा नाही. मग छापील यादीत ब्रँड कसा काय येतो?

रात्रपाळीचा_बाबा
कायदा वगैरे सगळं बरोबर, पण तुम्ही रात्री अडीच वाजता मेडिकल शोधत फिरलेल्या दिसत नाही. आमचं पिल्लू ३६ आठवड्यांचं, टाचेतून रक्त घेऊन शुगर बघत होते ती कमी आली, बायकोला थेंब-थेंब येत होतं, डॉक्टर म्हणाले फीड लगेच द्यायला लागेल पावडर घेऊन या. खालचं मेडिकल बंद, पुढच्या चौकातलं बंद, वरून पाऊस, आणि मी स्कूटरवर. चारपाचशे रुपयांचा डबा बॅगेत पडून राहिला असता तर काय बिघडलं असतं? छत्री नेली म्हणून पाऊस पडत नाही.

सिंहगडरोडवाली
छत्री उघडली म्हणून पाऊस वाढतही नाही, डबा उघडला की दूध कमी होतं, फरक आहे. आणि तुमच्या केसमध्ये चूक हॉस्पिटलची आहे हो. ३७ आठवड्यांच्या आतलं बाळ, कमी वजनाचं बाळ, आईला डायबेटिस असेल तर, यांची शुगर घसरू शकते हे आधीपासून माहीत असतं. जे हॉस्पिटल शुगर तपासतं त्याने फीडची सोय नको ठेवायला? सलाईन आणायला बापाला पिटाळतात का रात्री?

रात्रपाळीचा_बाबा
पिटाळतात. छोट्या नर्सिंग होममध्ये सुया, हातमोजे, डायपर सगळं बाहेरून आणायला लावतात, कुठल्या जगात आहात ताई

वॉर्डातली_सिस्टर
प्रसूती वॉर्डात नोकरी करते, नाशिककडे. वर दोघांचंही थोडं थोडं पटतंय पण मला रोज दिसतं ते वेगळंच. डबा आणतात, बनवायचं कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं, तर आजी "जड पडेल" म्हणून अर्धाच घालते आणि मावशी शीग लावून घालते. पाणी थर्मासमधलं कोमट. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून निदान ७० डिग्री गरम असताना त्यात घालायची आणि मग गार करून द्यायची, हे दहात एखादा करत असेल. मग ते अख्खं ३० मिलि एका दिवसाच्या बाळाला, ते ओकतं, आणि सगळे म्हणतात याला दूधच सोसत नाही. बाटली तर नकोच. वाटी-चमचा घ्या नाहीतर पलाडई, म्हणजे चोचीची छोटी वाटी, जुन्या घरांत बोंडलं असायचं तसंच ते, उकळून घ्यायचं फक्त.

डब्याच्या आधी हॉस्पिटलला विचारायच्या गोष्टी सांगते. बाळ आईजवळ ठेवता की वेगळ्या खोलीत? रात्रपाळीला अंगावर लावून द्यायला कोणी येतं का, विशेषतः सिझरवालीला, तिला आडवं पडून नाहीतर बाळ काखेत धरून पाजायला शिकवावं लागतं. बाळ ओढत नसेल तर हाताने चीक काढून चमच्याने देता का? लवकर आलेलं बाळ असेल तर मिल्क बँक (दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं ती) आहे का हेही विचारा, मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, आशियातली पहिली. आईला डायबेटिस असेल तर शेवटच्या आठवड्यांत हाताने चीक काढून सिरिंजमध्ये गोठवून ठेवतात, ऑस्ट्रेलियात त्यावर मोठा अभ्यास झाला होता २०१७ चा, बाकी धोका नसलेल्या बायकांना चाललं, पण आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आणि रडण्यावरून भूक मोजू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी निदान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्याला तीन, असं वाढत सहापर्यंत. वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की डॉक्टरांनी बघायलाच हवं. मला रडणाऱ्या बाळापेक्षा जे उठतच नाही, लावलं तरी ओढत नाही, त्याची जास्त भीती वाटते. घरचे त्यालाच "किती शहाणं आहे" म्हणत बसतात.

आजी_ऑनलाइन
एवढं शास्त्र आम्ही नाही केलं. मध आणि सोनं उगाळून चाटवायचो, दूध उतरेपर्यंत गुळाचं पाणी. तीन मुलं वाढवली. सुनेला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू द्या, दूध आपोआप येतं.

वॉर्डातली_सिस्टर
आजी, लाडू द्या खुशाल, तिला ताकद येईल. दूध मात्र बाळाच्या ओढण्याने वाढतं. मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नको, त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. गुळाचं पाणी पण नको.

लेस्टरची_सून
इथे यूकेत बऱ्याच एनएचएस म्हणजे सरकारी हॉस्पिटलांत उलटं आहे, पावडरच द्यायची ठरवली असेल तर आपलं आपण घेऊन या असं आधीच सांगतात. तयार दुधाच्या छोट्या बाटल्या मिळतात, कालवायची भानगड नाही, मी दोन टाकल्या होत्या बॅगेत. वापरल्या नाहीत, कारण मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) शेजारी बसून हाताने चीक काढायला शिकवत होती. त्यामुळे डबा असला की उघडतोच हे मला पटत नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर आहे.

मीच_ठरवेन
या धाग्यावर एक जमात कुणाच्या डोक्यातच नाहीये. मला ज्या गोळ्या चालू आहेत त्यावर पाजता येत नाही, सातव्या महिन्यातच डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून डबा, वाट्या, चमचे, छोटी किटली सगळं नेलं मी. तरी बघायला येणारी प्रत्येक बाई डब्याकडे बघून "का गं, दूध नाही?" आणि सिस्टर पण तोंड वाकडं करून. "डबा नेऊच नये" असं सरसकट लिहिताना माझ्यासारखीला काय वाटतं याचा विचार करा. आणि गोळ्या नसत्या, नुसतं मनातच नसतं, तरी कारण कोणाला का द्यायचं?

सिंहगडरोडवाली
कारण द्यायची गरज नाही, हे मान्य, आणि तुमचं तर सातव्या महिन्यात विचार करून ठरलेलं होतं. माझा राग त्या यादीवर आहे, जी प्रत्येकीला न विचारता तोच डबा आणायला लावते. बहिणीला पाजायचंय, तब्येत चांगली आहे, ३९ आठवडे होत आलेत. तिच्या बॅगेत डबा नको यावर मी ठाम आहे. सिस्टरताईंचे प्रश्न उद्या हॉस्पिटलला विचारते.

रात्रपाळीचा_बाबा
विचारा. आणि रात्री कोणी येत नाही म्हणाले तर?

सिंहगडरोडवाली
तर हॉस्पिटल बदलायचं.

रात्रपाळीचा_बाबा
३९व्या आठवड्यात? डिपॉझिट भरून झाल्यावर?