कॅबिनेटमध्ये फॅन वाढवू नका, आधी हवेची वाट मोकळी करा

हवापालट:
गेला आठवडाभर डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडून एकेक फॅन काढत-घालत बसलोय आणि आता माझं मत पक्कं झालंय म्हणून हा धागा काढतोय. मशीन गरम होतंय म्हटलं की जो तो सांगतो अजून एक फॅन लाव. माझ्याकडे सात होते, पुढे तीन हवा आत घेणारे, वर तीन आणि मागे एक बाहेर टाकणारे, तरी तोच गेम अर्धा तास चालवला की ग्राफिक्स कार्ड ८१ अंश आणि प्रोसेसर ७९, खोलीत २९ असताना.

मग वरच्या तिघांतला सगळ्यात पुढचा काढला आणि प्रोसेसर ७६ वर आला. फॅन कमी केला आणि तापमान उतरलं! विचार केल्यावर लक्षात आलं की पुढून आत आलेली ताजी हवा टॉवर कूलरपर्यंत (प्रोसेसरवर उभा असतो तो फॅनवाला कूलर) पोचायच्या आधीच तो वरचा फॅन तिला उचलून बाहेर फेकत होता. त्याच्या मागचे वरचे दोन काढले तर काहीच फरक नाही. मागचा मात्र काढू नका, तो कूलरच्या बरोब्बर पाठीशी असतो, कूलरने फेकलेली गरम हवा तोच बाहेर नेतो.

खरा फरक पडला तो पुढची काच काढल्यावर. माझ्या कॅबिनेटला पुढे अख्खी काच आहे आणि तिच्या बाजूला जेमतेम एक सेंटीमीटरची फट, तिन्ही फॅनना लागणारी सगळी हवा तेवढ्यातून यायची आणि त्या फटीच्या कडेला मऊ राखाडी धुळीची पट्टीच जमलेली. काच उतरवली आणि कार्ड ८१ वरून ७३ वर. आवाजसुद्धा बदलला, आधी काहीतरी ओढल्यासारखा सूं सूं यायचा तो गेला. म्हणून म्हणतो, दोन आत एक बाहेर एवढं बहुतेकांना पुरतं, फक्त पुढे जाळी पाहिजे.

मंदगती:
काचेबद्दल शंभर टक्के सहमत, पण त्यावरून "फॅन वाढवू नका" हा निष्कर्ष कसा काय निघतो? तुमच्याकडे तीन फॅन चुकीच्या जागी होते, त्यात फॅनच्या संख्येचा काय दोष.

फॅन जास्त लावायचे ते जोरात फिरवायला नाही तर हळू फिरवायला. वेग अर्धा केला की हवा अर्धी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि सारख्याच आवाजाचा दुसरा फॅन शेजारी लावला तर वाढतात फक्त ३. म्हणजे एक फॅन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पळवण्यापेक्षा दोन ७०० वर ठेवले तर हवा तेवढीच आणि मशीन कितीतरी शांत. मी रात्री काम करतो, मला तापमानाइतकाच आवाज महत्त्वाचा आहे आणि तुमच्या चाचणीत आवाजाचा आकडाच नाहीये.

हवापालट:
हिशोब बरोबर आहे पण तो मोकळ्या हवेतल्या फॅनचा. वेग अर्धा झाला की हवा अर्धी होते हे खरं, पण दाब पाव होतो, वेगाच्या वर्गाने उतरतो तो. समोर बारीक जाळीचा डस्ट फिल्टर असला, किंवा माझ्यासारखी काच, तर ७०० वर फिरणारा फॅन पाती फिरवत बसतो आणि आत यायला पाहिजे त्याच्या निम्मीही हवा येत नाही. हात लावून बघितलंय मी, काच लावलेली असताना फॅनच्या आतल्या बाजूला वारा जाणवतच नव्हता.

मंदगती:
मग तो काचेविरुद्धचा मुद्दा झाला ना, फॅनविरुद्धचा नाही. जाळीच्या कॅबिनेटमध्ये माझं म्हणणं जसंच्या तसं उभं आहे.

आकडेमोड:
दोघांसाठी एक हिशोब देतो. १ सीएफएम (मिनिटाला एक घनफूट) हवा एका अंशाने तापली की साधारण ०.५७ वॅट उष्णता घेऊन जाते. तुमची पूर्ण मशीन ५०० वॅट खात असेल आणि आरपार ५० सीएफएम हवा जात असेल तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा जवळजवळ १८ अंश गरम असणार. हवा १०० केली तर ९ अंश, २०० केली तर साडेचार. म्हणजे पहिल्या दुपटीत ९ अंशांचा फायदा आणि पुढच्या दुपटीत निम्माच, प्रत्येक वेळी. आणि खोक्यावर ५५ सीएफएम छापलंय म्हणून तीन फॅनचे १६५ धरू नका, तो आकडा पुढेमागे काही नसतानाचा असतो, फिल्टर आणि जाळीमागे त्यातला मोठा हिस्सा जातो. पहिल्या दोन-तीन फॅननंतर फारसं हाती लागत नाही ते यामुळेच.

सरळवाट:
मला कळत नाही वरचे तिन्ही फॅन काढायचा सल्ला कसा काय देताय, गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय ना आपण, तिला वरून वाट दिली नाही तर ती जाणार कुठे? माझ्या मते वरचे आधी लावा आणि पुढचे नंतर.

आकडेमोड:
गरम हवा वर जाते हे खरंच, पण किती जोराने ते बघा. अर्धा मीटरभर उंच डबा आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंश गरम धरली तर त्या वर चढण्याचा दाब येतो ०.२ पास्कलच्या आसपास. साध्या १२० मिमी फॅनचा स्थिर दाब दीड-दोन मिलीमीटर पाण्याइतका, म्हणजे १५ ते २० पास्कल. शंभर पटीचा फरक आहे. चालू मशीनमध्ये हवा फॅन ढकलेल तिकडे जाते, खाली ढकलली तर खालीसुद्धा जाईल. फॅन बंद असताना मात्र तुमचं म्हणणं लागू होतं.

सरळवाट:
हा आकडा माहीत नव्हता. तरी वरच्या बाजूचा मागचा फॅन मी ठेवणार, कारण तो कूलरच्या मागे येतो, ताजी हवा पळवत नाही. पुढचा काढून बघतो.

धूळझाड:
सगळे तापमानावर बोलताय पण धुळीचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहिते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त पाहिजे, पॉझिटिव प्रेशर. तसं नसेल तर डबा प्रत्येक फटीतून हवा ओढतो, आणि त्या फटींना फिल्टर नसतात. पुढचा फिल्टर एका मिनिटात निघतो, धुऊन वाळवून परत बसतो. ग्राफिक्स कार्डाच्या कूलरच्या धातूच्या पात्यांमधली धूळ एकदा घट्ट बसली की ती नीट काढायला कार्ड खोलावं लागतं आणि चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट परत लावावी लागते.

आणि आत तीन बाहेर दोन म्हणजे झालं पॉझिटिव असं समजू नका, आतले तिघं फिल्टरमागे असतात आणि बाहेरच्या दोघांना अडथळा नसतो. मोजायची सोपी युक्ती आहे. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, मशीन चालू ठेवून मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाखालच्या रिकाम्या स्लॉटच्या जाळीसमोर लोंबती धरा. माझी पट्टी जाळीला जाऊन चिकटली, म्हणजे हवा तिथून आत ओढली जात होती, तेही तीन आत दोन बाहेर असताना! मागच्याचा वेग थोडा कमी केला तेव्हा पट्टी जाळीपासून सुटून बाहेरच्या बाजूला फडफडायला लागली.

सरळवाट:
इथे मी उलट बाजूचा. मी मुद्दाम निगेटिव ठेवतो. त्या मागच्या स्लॉटमधून ओढली जाणारी हवा नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली येते, सगळ्यात गरम भागाला थेट ताजी हवा, पुढून आलेली अर्धी तापलेली नाही. दोन महिन्यांनी ब्लोअर मारतो, विषय संपला.

धूळझाड:
दोन महिन्यांनी न चुकता करत असाल तर चांगलंच आहे, बहुतेक लोक दोन वर्षांनी उघडतात. आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा हो, मोकळी सोडली तर ती नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतात आणि बेअरिंगची वाट लागते.

पाणीवाला:
माझ्याकडे ३६० मिमीचा लिक्विड कूलर आहे (प्रोसेसरची उष्णता पाण्याने रेडिएटरपर्यंत नेणारा) आणि रेडिएटर पुढेच लावलाय. वर लावला की प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा मिळते आणि कार्ड तर ३०० वॅट फेकतं. गेममध्ये माझा प्रोसेसर जेमतेम १०० वॅट घेतो, तेवढ्याने पुढून येणारी हवा कितीशी तापणार? दोन-तीन अंश. मग पुढे लावण्यात तोटा काय ते कोणीतरी सांगा.

हवापालट:
तोटा उष्णतेचा कमी आणि अडथळ्याचा जास्त. रेडिएटरची दाट पाती मधे आली की तिन्ही फॅनची हवा घटते आणि ती घट कार्डाला सोसावी लागते. तुम्हीच म्हणालात प्रोसेसर १०० आणि कार्ड ३००. मग थंड हवेवर पहिला हक्क कोणाचा? प्रोसेसर चार अंश जास्त तापला तर गेममध्ये काही जाणवत नाही, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर पूर्ण लोडला ९५ पर्यंत जायचे म्हणूनच बनवलेत. कार्ड तापलं की त्याचे फॅन किंचाळतात.

पाणीवाला:
मी व्हिडिओ रेंडर करतो, तिथे प्रोसेसर तासन्‌तास २०० च्या वर आणि कार्ड जवळजवळ रिकामं. त्यामुळे माझ्यासाठी पुढेच. फक्त गेम खेळणाऱ्यांनी वर लावावा हे मान्य. बाकी कुठेही लावा पण पाणी फिरवणारा पंप ही लूपमधली (पाण्याच्या वाटेतली) सगळ्यात उंच जागा होऊ देऊ नका. वर्षानुवर्षं नळ्यांमधून थोडं पाणी उडत राहतं, त्या जागी हवा येते आणि ती हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, तिथे रेडिएटरचं टोक पाहिजे. माझ्या आधीच्या मशीनमध्ये रेडिएटर तळाला होता, दुसऱ्या वर्षी पंप खडखडायला लागला.

मंदगती:
अजून एक गोष्ट, हवापालट, तुमचे केस फॅन (कॅबिनेटचे) कशाच्या तापमानावर चालतायत? मदरबोर्डवर ते सहसा प्रोसेसरला बांधलेले असतात. ब्राउझर उघडला तरी प्रोसेसर क्षणभर ७० ला जातो आणि सगळे फॅन भर्रकन वर-खाली होतात, तर गेममध्ये कार्ड ८० ला आणि प्रोसेसर ६० ला असेल तर केस फॅन निवांत. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पुढचे फॅन कार्डाच्या तापमानाला बांधा आणि वाढायला-उतरायला थोडा उशीर ठेवा. माझ्याकडे यानेच सगळ्यात जास्त शांतता झाली, एकही फॅन न काढता आणि न घेता.

हवापालट:
काल रात्री केलं. काच नाही, पुढचे तिघं कार्डाला बांधले, ९०० च्या वर जातच नाहीत आणि कार्ड ७४, खोलीत परत २९. टिश्यूची पट्टीपण धरली, हलकी बाहेर येते. सरळवाट यांच्या म्हणण्यावरून वरचा मागचा एक परत लावून ६०० वर ठेवला, प्रोसेसर एका अंशाने उतरला, आवाजात फरक नाही, ठेवलाय तो. म्हणजे आता पाच झाले, माझ्या दोन आत एक बाहेरपेक्षा दोन जास्त, आणि पुढचा तिसरा काढून अजून बघितलेलंच नाही हे मान्य करतो. वरचा पुढचा मात्र परत लावणार नाही. काचेऐवजी जाळीचं पॅनल मिळतं का ते शोधतोय.

मंदगती:
जाळी बसल्यावर पुढचे तिघं ७०० वर आणून एकदा आणि मग त्यातला एक काढून दोघं १०५० वर एकदा, अशा दोन चाचण्या कराल का? तोच गेम, तोच अर्धा तास. आकडे इथेच टाका, खोलीच्या तापमानासकट.