मदत हवी आहे : बेल्ट ग्राइंडरला पुली कोणती घालू?

मंडळी, गाडीच्या कमानपाट्याचे कोयते-खुरपी घासायला 2 बाय 72 इंची घासपट्टा फिरवणारा बेल्ट ग्राइंडर बनवलाय. मोटर जुन्या कडबाकुट्टीची: 2 एचपी, सिंगल फेज, 1440 आरपीएम. 4 इंची ड्राइव्ह व्हील आधी थेट मोटरवर होतं. बेल्टचा वेग सेकंदाला साडेसात मीटर, माल उतरता उतरेना. मग मोटरला 6 आणि शाफ्टला 3 इंची पुली लावून वेग दुप्पट केला. आता माल झरझर उतरतो, पण धारेपाशी पातं निळं पडतं, म्हणजे पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) गेलंच! त्यात जोर दिला की 3 इंची पुलीवर बी सेक्शनचा व्ही-पट्टा घसरतो, जळका वास सुटतो. ए सेक्शन (त्याहून अरुंद पट्टा) घालू, की 8 आणि 4 ची जोडी? की स्टेप पुलीवर (एकाच पुलीत लहान-मोठे टप्पे) दोन वेग ठेवू? मोटर कॅपॅसिटरवाली आहे, त्यामुळे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) सुचवू नका. कुणी स्वतः वापरलेली जोडी सांगा.