बोन स्कॅनमधलं टेक्नेशियम: आईला कसं समजावू?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. आईचा गुरुवारी बोन स्कॅन आहे. कागदावर 'टेक्नेशियम-९९एम' लिहिलंय. हे किरणोत्सारी, शिवाय माणसाने तयार केलेलं मूलद्रव्य, हे कळल्यापासून ती घाबरलीय. घरात लहान नात आहे, सतत आजीला चिकटलेली. कुणी नीट सांगेल का?

गॅमाकॅमेरा: ताई, मी न्यूक्लिअर मेडिसिनला टेक्नॉलॉजिस्ट आहे, हे औषध सकाळी मीच काढते. शिशाच्या जाड कवचात जनरेटर येतो, विजेचा नव्हे, टेक्नेशियम तयार करणारा छोटा डबा. आत अ‍ॅल्युमिनावर (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची भुकटी) मॉलिब्डेनम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य बसवलेलं असतं आणि त्याचं सारखं टेक्नेशियम होत राहतं. एका टोकाला सलाईनची कुपी, दुसऱ्याला निर्वात कुपी लावली, की सलाईन आतून ओढलं जातं आणि येताना टेक्नेशियम घेऊन येतं. दिसायला निव्वळ पाणी! दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं. आम्ही याला 'मिल्किंग' म्हणजे दूध काढणंच म्हणतो.

त्यात एमडीपी, म्हणजे हाडांकडे ओढ असलेलं एक संयुग, मिसळलं की ते हाडांत जाऊन बसतं. जिथे हाडाची घडण जोरात चालू, तिथे जास्त.

अर्धायुष्य ६ तास, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मं होतं. सकाळी १०ला टोचलं तर दुसऱ्या दिवशी १०ला सोळावा हिस्सा उरतो, आणि बरंच लघवीतून जातं म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आईंना भरपूर पाणी पाजा. नातीला तो दिवस मांडीवर देऊ नका, बाकी सूचना तिथला स्टाफ देईल. आणि त्यांना हेही सांगा, की १९५२ साली हेच मूलद्रव्य ताऱ्यांच्या प्रकाशात सापडलं. तारेही ते बनवतात.

जुना_मास्तर: छान लिहिलंत. थोडी भर घालतो. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने तिच्यात ४३ नंबरची जागा रिकामी ठेवून तिला 'एका-मँगनीज' म्हटलं होतं. तो 'एक' आपल्या संस्कृतातला. १९३७ साली अमेरिकेत बर्कलीहून भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्सने सायक्लोट्रॉनमधली (अणुकणांना वेग देणारं यंत्र) मॉलिब्डेनमची पट्टी इटलीत पालेर्मोला पाठवली, तीत तिथल्या सेग्रे आणि पेरिए या शास्त्रज्ञांना हे सापडलं. पालेर्मोच्या विद्यापीठाला गावाच्या लॅटिन नावावरून, पॅनॉर्मसवरून, 'पॅनॉर्मियम' हवं होतं. १९४७ साली ठरलं टेक्नेशियम, ग्रीकमध्ये 'कृत्रिम'. माणसाने घडवलेलं पहिलं मूलद्रव्य, तेव्हा हेच नाव योग्य.

कृष्णाकाठ: दोघांचे मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते आधी सांगायचं का?

गॅमाकॅमेरा: हो, नक्की सांगा, कोणता गुडघा आणि कधी तेही. ऑपरेशननंतर ती जागा बरेच महिने उजळ दिसू शकते. माहीत नसलं तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला उगाच शंका येते. जुने एक्स-रेही सोबत न्या.