१२० विद्यार्थी, चार अभ्यासक्रम, तीन तास: एकत्र सत्र कसं आखावं?

सत्रआखणी:
वैद्यकीय ४८, नर्सिंग ३६, फार्मसी २४ आणि फिजिओथेरपी १२ विद्यार्थ्यांसाठी एकमेकांसोबत काम करायला शिकावं म्हणून तीन तासांचं एकत्र सत्र ठरलं आहे. सध्याचा आराखडा असा: दहा-दहाचे १२ गट, सगळ्यांना पक्षाघाताच्या रुग्णाची एकच केस, शेवटी सादरीकरण. यात काय फसेल? आणि परिणाम मोजायचा कशाने?

वॉर्डशिक्षिका:
दहाच्या गटात चार वैद्यकीय आणि एकटा फिजिओ. तो तीन तास मान डोलावत बसेल. चारही शाखा प्रत्येक गटात हव्यातच, हा आग्रह सोडा. दोन केस घ्या:

केस १: सहाचे १२ गट. वैद्यकीय २, नर्सिंग २, फार्मसी १, फिजिओ १.
केस २: चारचे १२ गट. वैद्यकीय २, नर्सिंग १, फार्मसी १. फिजिओची गरज पडणार नाही अशी केस निवडा. उदाहरणार्थ, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाला त्याचा असर वाढवणारं मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक सुरू झालं आहे आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं.

बेरीज बरोबर १२० होते. पहिल्या केसमध्येही फिजिओ एकटाच असतो, पण तिथे त्याच्या कागदाशिवाय उत्तर निघत नाही, म्हणून त्याला बोलावंच लागतं.

खरी गोम केसच्या कागदांत आहे. सगळ्यांना तोच कागद दिला की वैद्यकीय विद्यार्थी निदान सांगतात आणि चर्चा तिथेच संपते. माहिती वाटून द्या. पक्षाघाताचीच केस घेतली तर:

वैद्यकीय: पहाटे ६ ला रक्तदाब १६४/९६. निफेडिपिन एक्सटेंडेड रिलीज (रक्तदाबाची गोळी) चालू, डोस वाढवायचा विचार.
नर्सिंग: पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून दोन दिवस गोळ्या कुटून मऊ अन्नातून दिल्या जातात. सकाळचा डोस ८ वाजता.
फिजिओ: ९.३० ला बसलेला असताना वरचा रक्तदाब ११८, उभा केल्यावर ९२. चक्कर आल्याने चालवणं थांबवलं.
फार्मसी: औषधांची यादी, आणि कोणती गोळी कुटू नये याची माहिती.

चारही तुकडे जुळले तरच कळतं की कुटल्यामुळे दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतंय: सकाळी दाब कोसळतो आणि पहाटेपर्यंत असर ओसरल्याने पुन्हा चढतो. एकट्या वैद्यकीय कागदावरून डोस वाढवणं अगदी बरोबर वाटतं, आणि तेच रुग्णाला पाडेल.

कागद एकमेकांना दाखवायचा नाही, तोंडी सांगायचा. हा नियम ढिला पडला की सगळे कागद टेबलावर पसरतात आणि बोलणं बंद होतं.

वेळ: ओळख १५ मिनिटं, आपापला कागद वाचणं १०, माहिती सांगणं २०, एकत्र योजना ३५, ड्युटीवरच्या डॉक्टरांना एसबीएआर पद्धतीने फोन ३०, विश्रांती १५, चर्चा ४०, मूल्यमापन १५. फोन नर्सिंग किंवा फिजिओच्या विद्यार्थ्याने करायचा. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस या चारांत शिफारस हमखास गळते. ‘तुम्हीच बघा’ म्हणून फोन ठेवतात. सादरीकरण काढून टाका, चर्चेची ४० मिनिटं मात्र तोडू नका.

औषधमात्रा:
वरच्याला जोड. दोन गटांमागे एक मार्गदर्शक धरला तर १२ शिक्षक लागतील, तेही चारही शाखांमधून. त्यांना आधी तासभर बसवून एकच गोष्ट घोटून घ्या: प्रश्न आला की वैद्यकीय विद्यार्थ्याकडे बघायचं नाही. शांतता पसरली तर दहा सेकंद तसंच थांबायचं. बहुतेक शिक्षकांना हे जमत नाही, ते लगेच व्याख्यान सुरू करतात.

हजेरी आणि गुण चारही अभ्यासक्रमांत सारखे धरा. एका शाखेला सक्ती आणि दुसरीला ऐच्छिक असं झालं की विश्रांतीनंतर खुर्च्या रिकाम्या दिसतात.

मोजण्याबद्दल: आरआयपीएलएस ही एकत्र शिकण्याची तयारी मोजणारी १९ विधानांची प्रश्नावली सोपी म्हणून सगळे वापरतात. पण विद्यार्थी सत्राआधीच ‘टीमवर्क महत्त्वाचं’ला वरचे गुण देतात, मग नंतर वाढ दिसणार कुठे? त्यापेक्षा आयसीसीएएस ही इतर शाखांसोबत काम करण्याच्या कौशल्यांची प्रश्नावली घ्या. ती सत्र संपल्यावर एकदाच भरतात आणि ‘आधी मी कसा होतो, आता कसा आहे’ हे शेजारीशेजारी विचारते. तरीही ते स्वतःबद्दलचं मतच. खरा पुरावा गटाच्या लेखी योजनेत मिळतो: गोळी बदलली का, गिळण्याची तपासणी मागितली का, उभं करून रक्तदाब पुन्हा कधी घ्यायचा हे लिहिलं का, आणि प्रत्येक कामापुढे कोण करणार हे आहे का. शेवटचा रकाना बहुतेक कोराच असतो.

सत्रआखणी:
वैद्यकीय दुसऱ्या वर्षाचे आणि नर्सिंग शेवटच्या वर्षाचे आहेत. चालेल?

वॉर्डशिक्षिका:
वर्ष नका जुळवू, वॉर्डमधला अनुभव जुळवा. वॉर्ड न पाहिलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे या केसमध्ये देण्यासारखं काही नसेल. ते गप्प बसतील किंवा उगाच अधिकार गाजवतील. तुमच्या दुसऱ्या वर्षाचं क्लिनिकल पोस्टिंग अजून सुरू झालं नसेल, तर त्यांच्या जागी ते सुरू झालेली बॅच मिळते का पाहा. नाहीच मिळाली, तर दुसऱ्या वर्षासाठी औषधांची केस बाजूला ठेवा आणि ‘माझं काम नेमकं काय, तुझं काय’ एवढ्यापुरतं दीड तासाचं वेगळं सत्र घ्या.