प्रेस्टिन जनुकाच्या वंशवृक्षाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. इथल्या एका पडक्या घराच्या माळ्यावर नालनाकी (घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली) वटवाघळं लटकतात. त्यांचे कान आळीपाळीने पुढे-मागे हलत असतात. मुलांनी ते लांबून पाहिलं आणि वर्गात वटवाघळांच्या ऐकण्याचा विषय निघाला.

प्रेस्टिन हे आतल्या कानातल्या बाहेरच्या केसपेशींमधलं प्रथिन. पेशीचा विद्युतदाब बदलला की ते आकार बदलतं, पेशी आखूड-लांब होते आणि बारीक आवाजही वाढून पोचतो. आम्ही जेनबँकेतून (जनुकक्रमांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहातून) काही जातींचे प्रथिनक्रम, म्हणजे प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे क्रम, घेऊन मेगा सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष काढला. जीनोमवरून, म्हणजे संपूर्ण डीएनएवरून, पाहिलं तर नालनाकी ही फळं खाणाऱ्या वटवाघळांची जवळची नातलग. आमच्या वृक्षात मात्र ती प्रतिध्वनीवर शिकार करणाऱ्या इतरांमध्ये जाऊन बसली! २०१०च्या संशोधनात डॉल्फिनचं प्रेस्टिनही याच वटवाघळांजवळ आलं होतं, त्यामुळे ही अभिसारी उत्क्रांतीच (जवळचं नातं नसताना सारखा गुण वेगवेगळा उपजणं), असं मला ठामपणे वाटतं.

पण मुलं विचारतात, ‘टीचर, मग खरं नातं कुठल्या वृक्षात?’ प्रश्न रास्त आहे. अमिनो आम्ल न बदलणारे डीएनएतले बदल तेवढे वेगळे काढून वृक्ष काढला, तर खरं नातं दिसेल का? की कोडॉनची (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या डीएनएतल्या तीन अक्षरांच्या गटाची) तिसरी जागा घेतली तरी पुरेल? आणि बाह्यगट (वृक्षाचं मूळ ठरवण्यासाठी घेतलेला गटाबाहेरचा प्राणी) म्हणून कुठला प्राणी घ्यावा? कुणी हे केलं असेल तर कृपया पायऱ्या सांगा. मराठीत सांगितलंत तर मुलांना थेट वाचायला देईन.