गायनेकोमास्टियाच्या (पुरुषाच्या छातीतील स्तनग्रंथी वाढण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर एक स्तनाग्र आत ओढल्यासारखे दिसते. हे असेच राहील का?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझे वय सव्वीस असून मी सांगली जिल्ह्यात राहतो. वयात आल्यापासून माझ्या छातीला दोन्ही बाजूंनी उभार होता आणि स्तनाग्रे फुगीर दिसत असत. त्यामुळे तालमीची आवड असूनही उघड्या अंगाने मातीत उतरणे मी कॉलेजात असतानाच सोडून दिले. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एका प्लास्टिक सर्जनकडून शस्त्रक्रिया करून घेतली. लायपोसक्शनने चरबी काढली आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेला छेद घेऊन ग्रंथी काढली. उभार गेला, याचे समाधान मोठे आहे.

परंतु गणपती होऊन गेले तरी दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. डावे वर्तुळ आकसून लहान आणि सुरकुतलेले झाले आहे, तर उजवे सपाट आणि गुळगुळीत राहिले आहे. दोन्ही तळहात छातीसमोर जोडून एकमेकांवर दाबले की डावे स्तनाग्र आत ओढले जाते आणि तिथे उथळ खळगा पडतो. टाक्यांच्या जागी बोटाला दोरीसारखे कडक लागते. स्पर्श दोन्हीकडे नीट कळत नाही, पण शर्ट घासला की उजवीकडे चुणचुणते. यातले काय आपोआप जाईल आणि काय राहील? हा विषय घरी कोणाजवळ काढणे मला जमत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

व्रणोपचार:

मी शल्यचिकित्सक आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे निदान करत नाही, परंतु तुम्ही जे बारकाईने लिहिले आहे त्यावरून काही गोष्टी समजावून सांगता येतील.

स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाच्या त्वचेत अनैच्छिक स्नायूंचे बारीक तंतू असतात. थंडीने किंवा स्पर्शाने ते आवळले की वर्तुळ लहान होऊन त्याला सुरकुत्या पडतात. पूर्वी मागून ग्रंथीचा रेटा असल्यामुळे ही त्वचा ताणलेली होती. रेटा गेल्यावर ती हळूहळू आकसते, आणि म्हणूनच बहुतेकांची वर्तुळे शस्त्रक्रियेनंतर आधीपेक्षा लहान होतात. दोन्ही बाजू एकाच वेगाने आकसत नाहीत, कारण सूज आणि आतला व्रण दोन्हीकडे सारखा नसतो. उजवीकडचा सपाटपणा सूज उरल्याचाही असू शकेल.

डाव्या खळग्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. ग्रंथी काढताना स्तनाग्राखाली ग्रंथीचीच साधारण एक सेंटिमीटर जाडीची चकती मुद्दाम ठेवली जाते. ती फार पातळ झाली तर वर्तुळाला आधार उरत नाही आणि ते बशीसारखे खोल जाते. फार जाड ठेवली तर फुगीरपणा शिल्लक राहतो. दुसरी शक्यता अशी की चकती पुरेशी आहे, पण व्रण भरताना त्वचा खालच्या छातीच्या स्नायूच्या आवरणाला चिकटली आहे. हात दाबल्यावर स्नायू आवळतो आणि चिकटलेली त्वचा त्याच्यासोबत आत खेचली जाते. तुमची तळहातांची चाचणी नेमके हेच दाखवते. आता असे पाहा: हात सैल सोडून, पाठ टेकून आरशासमोर बसा. तेव्हा खळगा जवळपास नाहीसा होत असेल तर चिकटण्याचा वाटा मोठा असावा. सैल असतानाही तितकाच खोल दिसत असेल तर खालचा आधार कमी पडला असण्याची शंका घ्यावी लागते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आतला व्रण कडक असतो, नंतर तो मऊ पडू लागतो. त्यामुळे पुन्हा हात घालायचा निर्णय सहा महिन्यांच्या आत सहसा घेत नाहीत, आणि अनेक सर्जन वर्षभर थांबा असेच सांगतात. तोवर तुमच्या सर्जनने परवानगी दिली असेल तर त्या जागी बोटांनी मालीश करावे. त्यानंतरही खळगा राहिला तर चिकटलेला भाग सोडवून, पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी काढून तिथे भरता येते. भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून क्वचित ते पुन्हा करावे लागते.

संवेदनेविषयी: स्तनाग्राला मुख्यतः चौथ्या बरगडीखालच्या मज्जातंतूच्या शाखा संवेदना पुरवतात आणि शस्त्रक्रियेत त्यांतल्या बारीक शाखा ताणल्या किंवा तुटल्या जातात. त्या पुन्हा जोडल्या जाताना चुणचुण आणि झिणझिण्या येतात. उजवीकडचा त्रास बहुधा त्याच प्रकारचा आहे. काही महिन्यांत, कधी वर्षभरात, संवेदना बऱ्याच अंशी परत येते. थोडा भाग बधीर राहिलेलेही रुग्ण असतात, हे सांगायला हवे.

माळरान:

डॉक्टरांनी आतल्या बाजूचे लिहिले आहे, मी वरच्या वणाविषयी लिहितो. माझी शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली. काळसर वर्तुळाच्या कडेवर घेतलेला छेद लपतो, ही पद्धत वेब्स्टर नावाच्या सर्जनने 1946 साली मांडली, असे मला तेव्हा समजावले गेले होते, आणि ते बव्हंशी खरे ठरले. मात्र आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत एक अडचण राहते. वण वर्तुळाच्या आत पडला तर तो फिकट पांढरा दिसतो, बाहेरच्या बाजूला सरकला तर गडद दिसतो. माझ्या उजव्या वर्तुळाची खालची कड त्यामुळे गोल न राहता जरा सरळ रेघेसारखी झाली आहे. जवळून पाहणाऱ्यालाच ती कळते.

वण कोवळा असेपर्यंत त्यावर ऊन पडू देऊ नका. तालमीबाहेरच्या उघड्या व्यायामालाही हे लागू आहे. सिलिकॉनची जेल किंवा पट्टी सर्जनला विचारून वापरा. छातीवर वण जाड होण्याची प्रवृत्ती असते, म्हणून तो वर येऊ लागला, खाजू लागला किंवा मूळ रेघेबाहेर पसरू लागला तर वाट पाहू नका. त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन लवकर दिलेले बरे. आणि दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढा. रोज आरशात पाहून काहीच बदल झाला नाही असे वाटते, फोटो शेजारी ठेवले की फरक दिसतो.

उत्तरेकडची वाट:

माझे प्रकरण अधिक कठीण होते, तरी लिहितो, कारण हा धागा पुढे तसे कोणी वाचेल. वजन बरेच उतरल्यावर माझी छातीची त्वचा लोंबत होती. त्यामुळे स्तनाग्रे पूर्ण सुटी करून नव्या जागी कलम म्हणून बसवावी लागली. पहिल्या आठवड्यांत वरची साल काळी पडून गळून गेली आणि मी घाबरून गेलो होतो, पण कलमात वरचा पापुद्रा असा जाऊ शकतो हे मला आधीच सांगितले होते. खालून गुलाबी त्वचा आली, हळूहळू रंगही आला, तरी मधले काही ठिपके आजही पांढरट आहेत. स्तनाग्र पूर्वीसारखे उठून दिसत नाही आणि तिथे पूर्वीची संवेदना नाही. तुमच्यासारख्या शस्त्रक्रियेत मात्र स्तनाग्र काळेनिळे पडले तर ते साधे समजू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. सैल बसून पाहिले. खळगा पूर्ण जात नाही, पण निम्म्याहून कमी होतो. आणखी एक विचारतो. तालीम पुन्हा सुरू करताना तिथला एक मित्र अंग लवकर भरावे म्हणून इंजेक्शन घे असे सुचवतो. त्याचा याच्याशी काही संबंध येतो का?

व्रणोपचार:

थेट संबंध येतो. अशा इंजेक्शनांतील ॲनाबोलिक (स्नायू वाढवणाऱ्या; वणात देतात त्याहून वेगळ्या) स्टेरॉइडचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात बदलतो, आणि स्तनाग्राखाली मुद्दाम ठेवलेली ग्रंथीची चकती त्याने पुन्हा वाढू शकते. मग फुगीरपणा परत येतो आणि दुसरी शस्त्रक्रिया व्रणातून करावी लागते, जी पहिल्याहून अवघड असते. कृपा करून घेऊ नका. जोर-बैठका आणि कुस्ती कधी सुरू करायची हे तुमच्या सर्जनना विचारा. खळगा निम्म्याहून कमी होत असेल तर त्यात चिकटण्याचा वाटा बराच असावा, म्हणजे अजून सुधारणेला जागा आहे.

पुढच्या भेटीत काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजीचा अहवालही मागून घ्या आणि जपून ठेवा. तुमच्या वयात त्यात काळजीचे काही निघणे फार क्वचित घडते, पण तो रुग्णाकडे असलाच पाहिजे. स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला, किंवा व्रणाशी संबंध नसलेली नवी कडक गाठ लागली, तर सहा महिन्यांचा हिशेब बाजूला ठेवून लगेच दाखवा.